बॅटरी गेली तं केवढ्याले?

अंजनगाव सुर्जीत गाडीचं दुखणं कानानं ओळखतात. पानठेल्यावर पाठमोरा उभा असलेला कोणताही गृहस्थ मागून येणारी गाडी न पाहता, तोंडातलं पान या गालातून त्या गालात नेता नेता सांगतो, की टप्पेट वाजून राह्यले, पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग आठवडाभराचा सोबती आहे आणि गिअर ज्या तऱ्हेनं पडला त्यावरून ड्रायव्हर घरून भांडून निघाला आहे. यातलं तिसरं निदान सहसा चुकत नाही. गावाभोवती पानमळे आहेत म्हणून पान आहे, पान आहे म्हणून पानठेले आहेत, आणि पानठेले आहेत तोवर वाहनदुरुस्तीच्या मोफत सल्ल्याला इथं तोटा नाही.

अशा गावात आमच्या गल्लीतल्या सरांनी हायब्रीड गाडी आणली.

सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, विषय गणित. गाडी पुण्यातल्या मुलानं निवडली, रंग बाईंनी निवडला आणि सरांनी माहितीपत्रकातला अव्हरेजचा आकडा तेवढा पाहिला. त्या आकड्यात दशांश चिन्हानंतरची दोन्ही घरं भरलेली होती. एवढ्या बारकाईनं हिशेब देणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं गणिताच्या मास्तरला वाटणारच. पुढे प्रत्यक्षात जो अव्हरेज मिळाला त्यात दशांश चिन्हाच्या उजवीकडचं सगळं कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे निघालं. डावीकडे चार-पाचाचा फरक पडला.

पहिल्या दिवशी सरांनी बटण दाबलं. समोरच्या काचेवर हिरवी अक्षरं उमटली: रेडी. आवाज काहीच नाही. गल्लीतले पोट्टे गोळा झाले. एकानं बोनेटला कान लावला.

"सर, सुरू नाई झाली."

"झाली आहे."

"आवाज तं येऊनच नाई राह्यला."

तेवढ्यात गाडी हलली आणि बोनेटला कान लावलेला पोट्टा कानासकट मागे उडाला. बाजाराच्या दिवशी तर या शांततेनं फार घोटाळे झाले. अंजनगावची म्हैस इंजिनाचा मान ठेवते, हॉर्नचा ठेवत नाही. सर तिच्या मागे बिनआवाजाचे उभे राहायचे, म्हैस निवांत रवंथ करायची, आणि हायब्रीड गाडी गर्दीतच जास्त पेट्रोल वाचवते हे शास्त्र खरं असल्यामुळे सरांना रागही येत नव्हता.

या गाडीच्या पोटात काय चालतं ते समजवायला सरांनी गावचाच इतिहास काढला. 30 डिसेंबर 1803 ला इथं दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांचा तह झाला. असई, आडगाव, गाविलगड असे मराठ्यांचे एकामागून एक पराभव झाल्यावरचा तह, त्यामुळे दोआब गेला, भडोच गेलं, अहमदनगरचा किल्ला गेला. सरांच्या मते गाडीतही असाच तह आहे. गाडी जागची हलवायची ती मोटरनं. वेग वाढला, चढ लागला की इंजिननं यायचं. ब्रेक मारला की मोटरनं उलटं काम करून वाया जाणारी ताकद बॅटरीत भरायची. पण कोणी केव्हा यायचं हे ना इंजिन ठरवतं ना मोटर. कंपनीच्या बाजूनं धाकटा वेलस्ली इथं वऱ्हाडात लढत होता आणि त्याचा भाऊ, थोरला वेलस्ली, गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यात बसला होता, तसं या गाडीचं कलकत्ता म्हणजे तिचा काँप्युटर. तहाची कलमं शिंद्यांच्या माणसांनी निदान वाचली तरी असतील. गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक सरांनी बाईंच्या हाती दिलं, आणि बाईंनी ते डगमगणाऱ्या शिलाई मशीनच्या पायाखाली दिलं.

गावाला मात्र या तहात रस नव्हता. गावाचा प्रश्न एकच होता आणि तो सरांना दूधवाल्यापासून ते मंगल कार्यालयात पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसापर्यंत सगळ्यांनी विचारला: "सर, बॅटरी गेली तं केवढ्याले बसते?"

सर सांगायचे की बॅटरीवर आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची हमी आहे. हे उत्तर कोणालाच आवडलं नाही. पानठेल्यावर त्या बॅटरीची आपली वेगळी बोली लागली. सकाळी कोणी दीड लाख म्हणाला. दुपारी अकोटहून आलेल्या एका पाहुण्यानं तीन केले, कारण त्याच्या साडूच्या ओळखीच्या माणसाला म्हणे तीन लागले होते. दिवेलागणीपर्यंत भाव पाचाच्या पुढे गेला. असा भाव आमच्या कापसाला एकदा जरी लागला असता, तरी तालुक्यातल्या निम्म्या शेतकऱ्यांनी हायब्रीड गाड्या घेतल्या असत्या, बॅटरीसकट.

गंमत अशी की सगळं गाव जिच्याकडे डोळे लावून बसलं होतं ती मोठी बॅटरी तशीच राहिली. मे महिन्यात मेली ती छोटी.

सर आणि बाई नातवंडांकडे पुण्याला गेले आणि उन्हाळाभर राहिले. परत आले तर गाडीचं कुलूपसुद्धा उघडेना. रिमोटच्या पोटात एक लोखंडी किल्ली दडवलेली असते, ती बाईंनी शोधून काढली (शिलाई मशीन त्या वेळी डगमगत होतं) आणि दार उघडलं. आत काळोख. रेडी नाही, घड्याळ नाही, काही नाही. लगेच निदानाला माणसं जमली आणि सगळ्यांचा एकच इलाज निघाला: धक्का. वऱ्हाडात गाडीला धक्का मारणं हे सार्वजनिक पुण्यकर्म आहे. जेवता जेवता उठून, खरकटा हात वर धरून डाव्या हातानं धक्का मारणारे लोक मी पाहिले आहेत. दहा-बारा जण भिडले. गाडी तसूभर हलली नाही, कारण गिअर 'पी'वर अडकलेला, आणि वीज नाही तर 'पी' सुटत नाही. सुटला असता तरी उपयोग नव्हता. या गाडीला क्लचच नाही, मग दुसऱ्या गिअरात टाकून झटक्यानं सोडायचं काय?

मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री आमच्या भागातले नावाजलेले. त्यांनी बोनेट उघडलं, वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"सेल्फ कुठी हाय?"

"नसतो यात," सर म्हणाले.

"डायनामो?"

"तोही नाही."

"फॅनबेल्ट? क्लचप्लेट?"

"नाही."

मिस्त्री सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर शोक होता. "मंग बिघडते काय इच्यात, सर? आमी जगाचं कायच्यावर?"

त्यांचा शोक रास्त होता. सरांच्या जातीच्या पुऱ्या हायब्रीड गाडीत या चारही वस्तू नसतात, आणि वऱ्हाडातलं गॅरेज याच चार वस्तूंवर उभं आहे. तेवढ्यात त्यांना डाव्या बाजूला जाड, नारिंगी वेष्टणाची वायर दिसली. ती शंभर-दीडशेच्या वर व्होल्टची वाट, तिला हातमोज्याशिवाय कोणी शिवायचं नसतं, म्हणून जगभर तिचा रंग नारिंगी ठेवतात. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहून दोन्ही हात मागे बांधले. संत्र्याच्या मुलखात नारिंगी रंगाला भ्यालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

खरा रोग अगदी साधा होता. या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. मोठीत गाडी ओढायची ताकद असते. पण ती ताकद वायरीत सोडणारे रिले आणि त्यांना हुकूम देणारा काँप्युटर जागा करायचं काम बारा व्होल्टवाल्या छोट्या बॅटरीचं. गाडी नुसती उभी असली तरी कुलूप, रिमोट, अलार्म असे पाहुणे तिच्यावर जेवत असतात. महिनाभरात ती संपते. मग मोठी बॅटरी भरलेली असून काही कामाची नाही, कारण तिला कोणी हाकच मारत नाही. शेवटी शेजारच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून दोन वायरी जोडल्या आणि क्षणात हिरवी अक्षरं उमटली. पानठेल्यावर रात्रीपर्यंत बातमी अशी पोचली की सरांची वीस लाखांची गाडी ट्रॅक्टरनं ओढून सुरू केली.

नवी छोटी बॅटरी सहा-सात हजारांत आली. तेव्हापासून सर दर रविवारी अर्धा तास दारातच गाडी रेडी करून, एसी लावून, आत पेपर वाचत बसतात. बॅटरी भरते आणि घरातलं माणसांचं येणं-जाणंही चुकतं. बाईंना संशय आहे की यात बॅटरीचा वाटा कमी आहे.

मोठ्या बॅटरीची तब्येत मात्र जावयासारखी सांभाळावी लागते. तिला थंड हवा लागते, आणि ती हवा बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटजवळच्या एका जाळीतून आत ओढली जाते. म्हणजे पारा 45 च्या वर गेलेल्या आमच्या उन्हाळ्यात माणसानं घाम पुसला तरी चालेल, पण बॅटरीसाठी एसी लावायचा. त्या जाळीसमोर सामान ठेवायचं नाही. पण हा नियम जपानात झाला, जिथं मागच्या सीटवर माणसं बसतात. आमच्याकडे मागच्या सीटवर तुरीच्या डाळीचं पोतं, त्याच्यावर संत्र्याची पेटी आणि त्या दोघांना धरून एक मावशी असते. सरकी निघालेल्या दिवसांत कापसाचा मऊ तंतू हवेत असतोच. पंख्याची जाळी वर्षभरात अशी भरली की त्यात वात वळता आली असती. काचेवर इशारा लागला, 'हायब्रीड सिस्टिम तपासा', आणि गावात पाच लाखांचा भाव पुन्हा ताजा झाला. प्रत्यक्षात मेकॅनिकनं जाळी काढून ब्रशनं झाडली आणि हजाराच्या आतलं बिल केलं. सरांना बिलाचं नाही, निदानाचं वाईट वाटलं. एवढ्या हायटेक गाडीचा रोग बाईंच्या झाडणीनं बरा व्हावा!

आता या 'मेकॅनिक'पर्यंत पोचण्याबद्दल. खरा खर्च तिथं आहे. कंपनीचं वर्कशॉप अमरावतीला किंवा अकोल्याला. अंजनगावकरांना दोन्ही सारखीच लांब, म्हणून निवड नातेवाईक कुठे जास्त आहेत त्यावर होते. चालत्या गाडीनं गेलात तर दिवस जातो. बंद गाडीनं जायचं तर आणखी पंचाईत. बाकीच्या गाड्यांना आपण दोरखंड लावून टोचन करतो. हायब्रीडची पुढची चाकं जमिनीवर फिरली की मोटरही फिरते आणि नको तिथं वीज तयार करते, म्हणून चारही चाकं उचलून आडव्या गाडीवर झोपवूनच न्यावी लागते. सर एकदा त्या उंच ट्रकवर ठेवलेल्या आपल्या गाडीसोबत दर्यापूर रस्त्यानं गेले. पुढचे काही दिवस लोक चौकशीला येऊन "सर, कुठी धडकली?" असं हळू आवाजात विचारत होते.

आणि तो दर्यापूर रस्ता! काळी कसदार जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर अंथरलेलं डांबर तिच्यासोबत उठतं-बसतं. लिंक रॉड, बुश, शॉकअप यांचा खर्च हायब्रीडलाही बाकी गाड्यांइतकाच येतो. तिथं विजेची मोटर काही वाचवत नाही. उलट ब्रेकची गंमत पाहा. मोटरच बहुतेक वेग खाऊन टाकते म्हणून ब्रेकपॅड झिजत नाहीत, सर खूष. पण झिजत नाहीत म्हणजे घासले जात नाहीत, आणि पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली की डिस्कवर गंज चढतो. सोमवारी सकाळी सरांची गाडी पहिल्यांदाच आवाज करते, खर्रर्र, आणि पानठेल्यावरच्या लोकांना किती हायसं वाटतं!

पाण्याचा प्रकार गंभीर आहे, म्हणून तो थोडक्यात. तालुक्याच्या खालच्या अंगाला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो. तिथलं पाणी माणसालाच सोसत नाही. हायब्रीडमध्ये इंजिनाचा कूलंट वेगळा आणि इन्व्हर्टरचा वेगळा, दोन वेगळ्या डब्या. वाटेत कोणी प्रेमानं "गरम झाली असन, पाणी टाकतो" म्हणून तांब्या घेऊन आला, तर नको म्हणायचं. इन्व्हर्टर बदलायचा म्हटलं तर पानठेल्यावरचे आकडेसुद्धा लाजतात. इंजिन ऑइलचंही तसंच. यातलं 'झिरो डब्ल्यू सोळा' जातीचं ऑइल इतकं पातळ असतं की मिस्त्रींनी ते बोटांत चोळून पाहिलं, वास घेतला आणि सरांना बाजूला घेऊन सांगितलं, "फसवलं तुमाले. हे तं पाणी हाय." त्यांच्याकडे ट्रॅक्टरचं चांगलं दाट ऑइल होतं, तेही ओळखीत.

उंदरांबद्दल लिहायलाच हवं. सोयाबीन घरात आलं की उंदीर येतात, आणि सोयाबीन विकलं की ते बोनेटखाली राहायला जातात. जुन्या जीपमध्ये त्यांनी एक वायर कुरतडली तर मिस्त्री तिला पीळ देऊन, टेप गुंडाळून वीस रुपये घ्यायचे. हायब्रीडची वायर पिळत नाहीत, अख्खं जाळं बदलतात, आणि बिलात उंदराचा उल्लेख नसतो. विमा कंपनीच्या माणसानं सरांना विचारलं, "उंदीर पाळीव होता का?" मला हा प्रश्न अजून समजलेला नाही.

हायब्रीड म्हणून गावात आणखी एक गाडी आहे, आमच्या मामांची. ती त्या काळातली, जेव्हा केंद्राची फेम योजना 2015 साली आली आणि नावापुरत्या विजेच्या सौम्य हायब्रीडलाही सवलत मिळू लागली. 2017 साली सरकारनं ती काढून घेतली. मामांच्या गाडीची वीज मुख्यतः मागच्या दारावरच्या अक्षरांत आहे. ती एकट्या विजेवर एक फूटही चालत नाही. फक्त फाटकाशी उभी राहिली की इंजिन आपोआप बंद करते आणि क्लच दाबला की सुरू करते. मामांची सासू प्रत्येक वेळी "पडली बंद!" म्हणून खाली उतरायची. या जातीच्या गाडीला वारंवार सुरू होणं सोसणारी जरा महाग बॅटरी लागते. मामांनी ती गेल्यावर साधी स्वस्त बॅटरी टाकली, आपोआप बंद होणं बंद झालं आणि घरात शांतता आली. हायब्रीडची इतकी स्वस्त दुरुस्ती मी दुसरी पाहिली नाही.

सरांच्या भाच्याकडे न्यू जर्सीत जुनी प्रियस आहे. ही गाडी जपानात 1997 साली आली आणि बाकीचे सगळे तिचे शिष्य. 2004 ते 2009 च्या प्रियसमध्ये बॅटरीचे 28 तुकडे असतात. एक मेला की अख्खी माळ आजारी. तिकडचे हौशी लोक घरच्या गॅरेजात तेवढा एकच तुकडा बदलतात, मग महिन्यानं त्याचा शेजारी जातो, मग त्याचा शेजारी. शिवाय चोर गाडीखाली शिरून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून नेतात, कारण त्यात पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं, आणि हायब्रीडचं इंजिन कमी चालत असल्यामुळे तो जास्त चांगल्या स्थितीत मिळतो. हे ऐकून पानठेल्यावर कोणाला नवल वाटलं नाही. आमच्याकडे शेतातल्या मोटरपंपाची तांब्याची केबल जाते. फक्त तिकडचे चोर अधिक शिकलेले दिसतात, एवढंच मत पडलं.

या गावाला दुरुस्तीचं वावडं आहे असं कोणी समजू नये. आमच्या अंजनगाव स्टेशनवरून पूर्वी धावणाऱ्या शकुंतला गाडीचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलेलं होतं आणि ते 1994 पर्यंत ओढत होतं. त्याला कोणी 'सिस्टिम तपासा' म्हणून इशारा दिला नाही. त्यानं दिला असता तरी कोळसा टाकणाऱ्यानं फावडं मारून तो विझवला असता.

सरांची एक हिशेबाची वही आहे. डाव्या पानावर वाचलेलं पेट्रोल, उजव्या पानावर खर्च. घेताना भरलेला 28 टक्के जीएसटी आणि त्यावरचा 15 टक्के सेस त्यांनी लाल शाईत लिहिला आहे, शेजारी पूर्ण विजेच्या गाडीचा 5 टक्के, आणि त्यापुढे उद्गारचिन्ह. छोटी बॅटरी, जाळीची सफाई, वायरचं जाळं, आडवा ट्रक हे सगळं आहे. मोठ्या बॅटरीची ओळ त्यांनी आखून ठेवली आहे आणि ती कोरी आहे. सगळ्यात लांब रकाना आहे 'चहापाणी'. बोनेट उघडलं की सात-आठ कप होतात.

परवा परतवाड्याचा एक माणूस गाडी पाहायला आला. सरांना विकायची नव्हतीच, पण मुलगा नवी घ्या म्हणतो, म्हणून भाव तरी कळावा. माणूस जुन्या गाड्यांच्या धंद्यातला, डोळ्यांनीच रंगाची जाडी मोजणारा. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायरला लाथ घातली, आत बसून बटण दाबलं, आवाज न आल्यामुळे पुन्हा दाबून ती बंद केली. सरांनी वही दाखवली, हमीची उरलेली वर्षं दाखवली, हायब्रीडची तपासणी केलेला कागद दाखवला. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं, चहा संपवला, बशी पालथी घातली.

"सर, गाडी झकास हाय," तो म्हणाला. "थे मोठी बॅटरी तुमी तुमच्यापाशीच ठेवा. बाकीची केवढ्याले देता?"